छापण्यापूर्वी

या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावर लिहावे, अशी संपादक मंडळाची साहजिक अपेक्षा होती. आम्ही मात्र इंग्रजीच्या एका सराव-पुस्तिकेविषयी लिहिणार आहोत. वसतिगृहातील आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी ती शाळेतील शिक्षकांनी मिळून तयार केली. इतिहासात एम. ए. करताना पुराव्याविषयी जे काही शिकलो, ते या चिमुकल्या पुस्तिकेच्या कामी जितके आले, तितके वर्गातही क्वचितच आले असेल.

या कामाचे मूळ एका शब्दात आहे. काही वर्षांपूर्वी इंग्रजीचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि तो तास आमच्याकडे आला. आम्ही फळ्यावर दोन रकाने आखून शब्दार्थ लिहून दिले. त्यांत ‘पर्यंत’ या शब्दासमोर ‘टिल’ असे लिहिले होते. मुलांनी ते उतरवून घेतले, पाठ केले, आणि चाचणीत गुणही मिळवले.

त्या वर्गातला एक मुलगा पुढे मानकोलीच्या बाजूला एका गोदामात कामाला लागला. आधी माल चढवण्या-उतरवण्यावर होता. इंग्रजी लिहिता येते म्हणून त्याला संगणकाच्या टेबलावर बसवले गेले. एके दिवशी मालकाने फोनवरून सांगितले, “सोमवारपर्यंत माल गेला पाहिजे.” त्याने पुढच्या कार्यालयाला इंग्रजीत कळवले, आणि ‘पर्यंत’साठी ‘टिल’ वापरला. मराठीत एकच ‘पर्यंत’ दोन ओझी वाहतो. इंग्रजीत मुदत सांगायची तर ‘बाय’ लागतो. एखादी क्रिया अमुक वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’. वाचणाऱ्याने अर्थ घेतला की माल सोमवार संपेतो थोडाथोडा निघत राहणार, आणि गाडी मंगळवारी पाठवली. मुलाची रवानगी पुन्हा हमालीवर झाली.

दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला तेव्हा त्याच्या हातात नववीची वही होती. ते पान उघडून तो म्हणाला, “सर, अक्षर माझं आहे, पण फळ्यावर तुमचं होतं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हांला ते ऐकणे सोपे गेले असते.

ज्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, तिथे शाळेत झालेली चूक संध्याकाळी दुरुस्त होते. काका हटकतात, आई शब्दकोश काढते. आमच्याकडे येणारी मुले शांतीनगर, नारपोली, पद्मानगरातील यंत्रमाग कामगारांची, वीटभट्टीवरची, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली. त्यांच्या घरी शिक्षकाच्या शब्दाला आणि छापील अक्षराला दुसरा प्रतिस्पर्धी नसतो. म्हणून त्यांच्यासाठी छापणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते, हे आम्हांला त्या वहीने शिकवले.

इतिहासाच्या माणसाला मागे वळून पाहण्याची खोड असते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. तो उघडून पाहावा: एका मराठी शब्दाच्या अनेक छटा एकामागून एक येतात, शब्द संस्कृतातून आला की अरबी-फारसीतून, त्याची खूण दिलेली असते, वापराचे नमुने असतात. साहेबाला रयतेची भाषा नीट कळावी म्हणून एवढी मेहनत. आणि रयतेच्या पोरांना साहेबाची भाषा शिकवताना आम्ही दोन रकाने आखून मोकळे झालो! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आधीच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि त्या इंग्रजीची पुढे थट्टाही झाली. पण तिथेही शब्द वाक्यात बसवून दाखवण्याची शिस्त होतीच. आमच्या फळ्यावर ती नव्हती.

पुस्तिका करायचे ठरले तेव्हा पहिला निर्णय हाच झाला की सुटा शब्दार्थ छापायचा नाही. शब्द वाक्यात यावा, आणि ते वाक्य कोणीतरी खरोखर बोलेल असे असावे. १९८७ मध्ये इंग्लंडात प्राध्यापक जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली ‘कोबिल्ड’ हा कोश निघाला. त्यातील उदाहरणे प्रत्यक्ष वापरातल्या, साठवून ठेवलेल्या इंग्रजीतून घेतली होती. संपादकाने मनाने रचलेली नव्हती. त्यांच्याजवळ यंत्रे आणि विद्यापीठ होते. आमच्याजवळ भिवंडी होती.

आणि भिवंडी काही कमी नाही. शटल, बॉबिन, बीम, जॉबर, फोल्डिंग हे शब्द आमच्या मुलांच्या तोंडी शाळेत येण्याआधीपासून असतात. ते इंग्रजी आहेत हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून पहिला पाठ यंत्रमागावर घेतला. आमच्या एका सहकाऱ्याने ‘शटल गोल फिरते’ अशा अर्थाचे नीटस वाक्य लिहिले. व्याकरण निर्दोष होते. पालकसभेला आलेल्या एका माग कामगाराला आम्ही त्याचा मराठी अर्थ ऐकवला. तो हसू दाबत म्हणाला, “गुरुजी, धोटा फिरत नाही. त्याला मारतात, तो या बाजूनं त्या बाजूला जातो. फिरला तर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.” वाक्य बदलले. इंग्रजीच्या शुद्धतेचा निवाडा इंग्रजीच्या शिक्षकाकडे आणि गोष्टीच्या खरेपणाचा निवाडा त्या गोष्टीत हात घातलेल्या माणसाकडे, अशी विभागणी त्या दिवसापासून रूढ झाली. दोघांची सही झाल्याशिवाय पान पुढे जात नसे. काही सहकाऱ्यांना हा सरकारी कचेरीचा थाट वाटला, आणि उशीर झाला हेही खरे.

सोपारा स्तूपाचा पाठ आमच्या स्वतःच्या वाट्याला आला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो उकरला, हे पक्के. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला मिळाला. या दोन गोष्टी जोडून आम्ही उत्साहाच्या भरात ‘हा स्तूप अशोकाने बांधला’ असे लिहून टाकले होते. शिलालेख एका गावी मिळाला म्हणून त्या गावचा स्तूप त्याच राजाचा ठरत नाही, हे एम. ए.च्या वर्गात आम्ही शिकलो होतो. सहीच्या नियमाने ते वाक्य दुसऱ्याच्या नजरेस पडले. इंग्रजीचा पाठ असला म्हणून इतिहास ढिला चालत नाही. उलट मूल नव्या भाषेशी झगडत असते, त्यामुळे तिथे आशयावर शंका घेण्याइतकी उसंत त्याला नसते.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’तील प्रसंग घ्यावा, यावर सर्वांचे एकमत होते. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, आणि जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलते. मूळ इंग्रजी साधे आहे, तरी आठवीसाठी थोडे सुलभ करणे भाग होते. सुलभ मसुद्यात एका तरुण सहकाऱ्याने मुले स्थानकावरच धाय मोकलून रडली, अशी ओळ घातली. हेतू चांगला होता. आम्ही मूळ पान समोर ठेवून विचारले, ही ओळ कुठे आहे? नव्हती. वाक्य लहान करण्याची मुभा आपल्याला आहे, बाबासाहेबांच्या आठवणीत भर घालण्याची नाही, असे ठरले. आणि पाठाखाली ‘सुलभ रूपांतर’ असे स्पष्ट छापले.

यापुढचे सांगणे थोडे अवघड आहे. शिक्षण म्हणजे वाघिणीचे दूध, या आशयाचे वाक्य बाबासाहेबांच्या नावाने आपण सारे ऐकत आलो. आमच्या भोजनगृहाच्या भिंतीवरही ते आहे. पुस्तिकेच्या मलपृष्ठावर ते इंग्रजीत द्यावे, असा प्रस्ताव आला. मलपृष्ठालाही नियम तोच: खंड, पान किंवा भाषणाचे ठिकाण आणि तारीख. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाने प्रसिद्ध करायला घेतलेल्या खंडांपैकी जे शाळेच्या कपाटात आहेत, ते घेऊन आम्ही दोन रविवार बसलो. ते वाक्य मिळाले नाही. ज्यांना ते तोंडपाठ होते, त्यांना विचारले. तारीख कोणाजवळ नव्हती. इंग्रजी भाषेविषयी हीच उपमा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावानेही सांगितली जाते, ही आणखी एक गंमत.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “भिंतीवरचं ते वाक्य माझ्या वडिलांनी रंगवलं आहे. तुम्हांला कागद हवा. आमच्या माणसांचे कागद कोणी ठेवले होते?” प्रश्न खरा होता, आणि आजही त्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. एवढेच म्हणालो, की बाबासाहेबांचे कागद मात्र आहेत, खंडच्या खंड आहेत. धम्मावरचा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच्या मोजक्या प्रती त्यांनी १९५१ मध्येच खासगी रीतीने छापून जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवल्या होत्या. छापण्यापूर्वी तपासून घेणाऱ्या माणसाच्या नावाने न तपासलेले वाक्य आपण कसे छापावे?

भिंतीवरचे वाक्य आम्ही पुसले नाही. मलपृष्ठावर मात्र दुसराच मजकूर गेला: बाबासाहेबांनी पाली शिकणाऱ्यांसाठी कोश आणि व्याकरण तयार केले, ते इंग्रजी खंडांपैकी सोळाव्या खंडात आहे. मुलांना हे ठाऊकच नव्हते. भाषा शिकवणारे पुस्तक बाबासाहेबांनीही केले होते, याचे त्यांना वाघिणीपेक्षा अधिक अप्रूप वाटले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मुद्रितावर सही केली. महिनाभर आमच्याशी कामापुरतेच बोलले.

पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर ‘चूक आढळल्यास कळवा’ असे लिहून खाली कोरी जागा ठेवली होती. आठवडा उलटायच्या आत आठवीतली एक मुलगी ते पान भरून घेऊन आली. सिद्धार्थ महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले, असे चौदाव्या पानावर छापले होते. ते सन पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेचे. महाविद्यालय १९४६ चे. वाचनालयातल्या तक्त्याशी तिने ते ताडून पाहिले होते. तो पाठ आम्ही लिहिला होता, आणि घाईत दुसरी सही राहून गेली होती.

त्याच संध्याकाळी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. जेवणाच्या घंटेपूर्वी वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुली कात्री आणि खळ घेऊन बसल्या. पहिली चिठ्ठी तिने आमच्या प्रतीत चिकटवली, आणि ओली असेतो पान मिटू नका, असे बजावले.