८० मिनिटांची सीडी

जागा शिल्लक ठेवून सीडी बंद करणं ही मला शुद्ध उधळपट्टी वाटायची. ७०० एमबीची कोरी सीडी. एमपीथ्री भरल्या तर दीडशेच्या आसपास गाणी आरामात बसतात. मग ऑडिओ सीडी करून सोळा-सतरा गाण्यांवर का भागवायचं? २००४-०५च्या सुमारास हे मी कुणालाही पटवून द्यायचो आणि बहुतेकांना ते पटायचंही.

तेव्हा मी नागपुरात, सीताबर्डीवर एका कर सल्लागाराकडे कामाला होतो. मार्चअखेरची धावपळ संपलेली, विवरणपत्रांची ३१ जुलै अजून लांब. त्यात नवतपा लागला की भर दुपारी अशील कसला येतोय! कूलरमध्ये पाणी ओतायचं, पन्हं प्यायचं आणि वीज कधी जाते याची वाट बघायची. सीडी रायटर आणलेला होता हिशेबांच्या बॅकअपसाठी. त्यावर गाणी मारून देणं हा माझा चोरटा उद्योग. (चोरटा म्हणायचा एवढंच. साहेबांच्या गाडीतली सीडीही मीच मारलेली होती.)

ऑफिसातल्या ताईंनी मात्र माझी दीडशे गाण्यांची सीडी परत आणून दिली. त्यांच्या घरचा प्लेअर एमपीथ्री वाचत नव्हता, हे एक. दुसरं कारण त्यांनी हसत सांगितलं, "एवढी गाणी ऐकायला मला रिटायर व्हावं लागेल रे." त्यांना साधी ऑडिओ सीडी हवी होती.

साधी, म्हणजे ८० मिनिटांची. त्यांनी लिहून दिलेली यादी त्याच्या कितीतरी वर गेली. गाळायला बसलो, तर गाळण्यासाठी आधी ऐकावं लागतं! कूलरच्या घरघरीत स्पीकरचं काही कळेना, म्हणून हेडफोन चढवला. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनावर लगेच आर. डी. बर्मन आदळले की दोघांचंही नुकसान होतं. मधे माणिक वर्मा असल्या की निभतं. जुनी ध्वनिमुद्रणं दबक्या आवाजातली, नवी अंगावर येणारी. ती एका पातळीवर आणली नाहीत तर ऐकणारा दर गाण्याला उठून बटण फिरवत बसणार. सीडी लिहायचं सॉफ्टवेअर नीरो, ते दोन गाण्यांच्या मधे आपणहून २ सेकंदांची शांतता सोडायचं. भजनानंतर ती अपुरी वाटली, वाढवली. शेवटी भैरवी कोणती घ्यायची यावरून ताईंशी वाद झाला आणि त्यांचंच खरं झालं. राईट करताना वीज गेली, पण यूपीएसनं लाज राखली.

त्या दुपारी माझं मत हललं, बदललं नाही. नंतरही मी दीडशे गाण्यांच्या सीड्या मारतच होतो. बदललं ते खिशातल्या फोनमध्ये हवं ते गाणं येऊन बसल्यावर. आता मी ऐकतो कमी आणि पुढे ढकलतो जास्त. मुखडा झाला की पुढचं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, आणि तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब राग उभा करत. त्यांना तास मिळाला असता तर ते तासभर गायले असते, हे खरंच. पण त्या तबकडीवर काय घ्यायचं नि काय सोडायचं, हे त्यांना ठरवावंच लागलं. ताईंच्या सीडीनं मला तेच करायला लावलं होतं.

सीडी या वस्तूचा मात्र मला उमाळा येत नाही. लेझरच्या उष्णतेनं रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवून ती लिहिली जाते, आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरली की तोच थर उन्हानं खराब होतो. चरा पडला की एकाच ओळीवर अडकायची ते वेगळंच. ती गेली ते बरंच झालं.

पण कुणाला गाण्यांची यादी पाठवणार असाल तर ८० मिनिटांत बसवा. क्रम तुम्ही लावा, ॲपवर सोडू नका. आणि घेणाऱ्याला तेवढं शफल बंद ठेवायला सांगा.