देवाला अर्धी, तळ्याला पुरी

ठाण्यात खोपटच्या चाळीत वाढलेल्या आमच्या पिढीला व्यायाम म्हणून चालणे ठाऊकच नव्हते. कुणी ‘जरा तलावपाळीवर जाऊन येतो’ म्हणाले की बाकीच्यांना कळायचे, कुणाला तरी कुणाशी तरी बोलायचे आहे. दोन खोल्यांत आजी, आई-बाबा, काका-काकू, आम्ही भावंडे आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला एखादा मामेभाऊ. भांडायचे म्हटले तरी पाठ फिरवायला जागा नाही. त्यामुळे आत्याच्या स्थळाला होकार द्यायचा का, ताईला सायन्सला घालायचे की कॉमर्सला, काकांनी डोंबिवलीला ब्लॉक घ्यायचा की नाही, हे सगळे तलावपाळीवर, म्हणजे मसुंदा तलावाभोवती, चालता चालता ठरले. घरी येऊन फक्त जाहीर व्हायचे.

जायची वाट एक, यायची दुसरी, हा आमच्याकडचा अलिखित नियम. जाताना खोपटच्या एसटी स्टँडवरून टेंभी नाका. तिथे अग्यारी, १७८० सालची. तिच्यापासून जवळच सिव्हिल हॉस्पिटलसमोर बेने इस्रायलींचे १८७९ सालचे सिनेगॉग. पुढे जांभळी नाक्याचा बाजार, कोपिनेश्वराचे देऊळ आणि समोर तलाव. येताना राम मारुती रोड, मग चरईतून वंदना टॉकीज आणि जुन्या आग्रा रोडने घर. सगळे मिळून साडेतीन-चार किलोमीटर भरेल. चढ नाही, उतार नाही. आजीच्या वहाणांनाही झेपेल अशी वाट. इतक्याशा अंतरात देऊळ, अग्यारी, सिनेगॉग आणि तळ्याकाठचे चर्च लागते, याचे आम्हाला कधी काही वाटले नाही. प्रत्येक गावात असेच असते, अशी आमची समजूत होती.

कोपिनेश्वर शिलाहारांच्या काळापासूनचा म्हणतात. आजचे देऊळ पेशवाईतले. पिंडी चांगली छातीइतकी उंच. लहानपणी तिच्या माथ्यावर बेल वाहायला बाबा उचलून घ्यायचे. शंकराला पुरी प्रदक्षिणा घालायची नाही, पन्हाळ ओलांडायची नाही, अर्ध्यातून मागे फिरायचे, हे आजीने शिकवलेले. देवळातून बाहेर पडल्यावर ती म्हणायची, ‘देवाला अर्धी झाली, आता तळ्याला पुरी घाला.’ आणि ती पुरी घालताना पाणी उजव्या हातालाच हवे. काकांना हे मान्य नव्हते. त्यांना उलट्या बाजूने जायचे असे, कारण त्या बाजूला त्यांच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीतले लोक आधी भेटत. मग घरातले लोक दोन टोळ्यांत फुटून दोन दिशांनी निघत आणि मध्येच समोरासमोर येऊन, जणू बऱ्याच दिवसांनी भेटतोय अशा थाटात हसत.

भेळवाला नेमका कुठे उभा राहायचा यावर आमचे अजून एकमत नाही. ताई म्हणते, चर्चच्या बाजूला. दादा शपथेवर सांगतो, गडकरी रंगायतनच्या समोर. रंगायतन झाले १९७८ साली. म्हणजे ताईची आठवण त्याच्या आधीची आणि दादाची नंतरची, असे मी दोघांना समजावून सांगितले. दोघांनाही पटले नाही. खरे तर भेळ क्वचितच. शेंगांची पुडी घ्यायची आणि ती सहा जणांत पुरवायची. मामलेदार मिसळ म्हणजे कुणाचा तरी पहिला पगार. रंगायतन झाल्यावर मात्र फेरी लांबली. आत जायला पैसे नसायचे, पण मध्यंतरात पायऱ्यांवर उभे राहून बाहेर आलेल्या लोकांच्या तोंडून पहिला अंक कसा झाला ते ऐकायला काही पडत नसे.

चालण्याची रांग ठरलेली होती. बाबा आणि काका दहा पावले पुढे, हात मागे बांधून. आजी एका नातवंडाचे मनगट धरून मध्ये. आई आणि काकू सगळ्यांत मागे. नवऱ्याच्या बरोबरीने चालणे त्या पिढीला जमलेच नाही, आणि त्याचा फायदा या दोघींनी पुरेपूर घेतला. स्वयंपाकघरात एकीच्या शेजारी दुसरी तासन्‌तास असायची, पण सासूच्या कानासमोर काय बोलणार? जावा-जावांची मैत्री झाली ती तलावपाळीवरच. शेजारच्या चाळीतल्या बायकांना बाहेर पडायला भाजीचे निमित्त लागे; आमच्याकडे ते निमित्त मराठी ग्रंथसंग्रहालयाचे होते. विनायक लक्ष्मण भाव्यांच्या पुढाकाराने १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आमच्या आईला वेगळ्याच कारणाने प्रिय होती: पुस्तक बदलायला जाणाऱ्या सुनेला कुणी ‘कशाला?’ असे विचारत नाही. एखादी कादंबरी तिने दोनदा बदलून आणलेली मला आठवते.

खोपटला सिद्धेश्वर तलाव होता की, हाकेच्या अंतरावर. तिथे आम्ही का फिरलो नाही, असे मुले आता विचारतात. घरच्या तळ्यावर कुणी इस्त्रीचे कपडे घालून जात नाही, एवढेच खरे उत्तर आहे. तिथे भेटणारी माणसे सकाळी नळावर भेटलेलीच असायची.

वर्षातून एखाद्या रविवारी लांबची फेरी व्हायची, कळव्याच्या पुलाकडे, खाडीवर. वाटेत किल्ल्यातले जेल. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला, हे इतिहासाच्या पुस्तकात होते. पण काकांना त्यातल्या त्र्यंबकजी डेंगळ्यांतच रस. पेशव्यांचा हा कारभारी इथे कैदेत असताना, १८१६ साली, खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून निरोप द्यायचा, गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळायचे नाही, आणि एका रात्री डेंगळे पसार झाले. काका ही गोष्ट सांगताना भिंतीकडे बोट करून नेमकी खिडकी दाखवायचे. दर वर्षी वेगळी. बाबांना हा फार्स आवडत नसे. ते भिंतीजवळ आले की गप्प होत. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिले, एवढे एकदाच त्यांनी सांगितले आणि आम्हाला घेऊन सरळ खाडीवर गेले. ओहोटी असेल तर नुसता चिखल आणि वास. तरी आम्ही गावच्या मावसभावंडांना ‘आमच्याकडे समुद्र आहे’ असेच सांगत असू.

शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागू लागला, तेव्हा तलावपाळीची फेरी पहिल्यांदा मोडली. चाळीत एकच टीव्ही, पण त्यापुढे सगळी चाळ. नंतर काका खरेच डोंबिवलीला गेले, दादाने घोडबंदर रोडला घर घेतले, ताई सून म्हणून नाशिकला. दादाच्या सोसायटीत गाड्यांच्या तळावर गच्चीसारखी चालायची वाट आहे. तिथे तो मनगटावरच्या घड्याळात पावले मोजतो. मी एकदा त्याच्याबरोबर चाललो. दोन फेऱ्यांत आमचे बोलणे संपले. पाहायलाच काही नाही तर बोलणार कशावर?

तलावपाळीवर आता दिवाळी पहाटेला तरुण पोरापोरींची एवढी गर्दी असते की फेरी पुरी होतच नाही. नाके मुरडणारे मुरडतात. मला तर ती पोरे आमच्यापेक्षा शहाणी वाटतात. निदान ग्रंथालयाचे निमित्त तरी सांगत नाहीत. ज्यांना आरामात चालायचे आहे त्यांनी साध्या दिवशी सकाळी सहाला जावे, जांभळी नाक्यावर फुलांच्या टोपल्या उतरत असताना.

काकू अजून डोंबिवलीहून येतात. देवळात जाऊन अर्धी प्रदक्षिणा घालतात आणि पाणी उजव्या हाताला ठेवून तळ्याला निम्म्यापर्यंत जातात. मग गुडघे बोलू लागले की रिक्षा. रिक्षावाल्याला आधी मीटर टाकायला लावायचा आणि मग त्याचे गाव कोणते, मुले किती, भाडे परवडते का, हे खोपट येईपर्यंत विचारत राहायचे. मागच्या खेपेला त्या रिक्षावाल्याने मेव्हण्याच्या जमिनीचे सगळे प्रकरण त्यांना सांगितले आणि स्टँडसमोर गाडी थांबवून आणखी पाच मिनिटे सल्ला घेतला.