पुतळा का नाही?

गुल डुकाटची एक तक्रार आहे. हा बाबा परग्रहावरचा, मानेवर आणि कपाळावर कातडीच्या जाड कडा असलेला. बजोर नावाच्या ग्रहावर त्याने राज्य केलं, तिथल्या लोकांना पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं असं त्याचं म्हणणं, आणि तरी त्या अख्ख्या ग्रहावर त्याचा एकही पुतळा नाही. युद्ध जिंकायच्या बेतात असताना, मित्रपक्षाच्या प्रतिनिधीजवळ बसून तो ही व्यथा अगदी मनापासून बोलून दाखवतो. समोरच्याचं म्हणणं सरळ आहे, की जिंकलेल्या शत्रूला मारून टाकावं म्हणजे पुन्हा बंड होत नाही. डुकाटला ते पटत नाही. त्याला शत्रू जिवंत हवा आहे. आपण तुम्हाला विरोध केला ही चूक झाली, असं त्या शत्रूने आपल्या तोंडाने म्हणावं, एवढीच त्याची इच्छा.

विज्ञानकथेच्या मालिकांमधले खलनायक मी बरेच पाहिले आहेत. वह्या तपासून झाल्या की रात्री लॅपटॉपवर हाच माझा विरंगुळा. पण मनात घर करून बसला तो हाच. मालिका ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’, 1993 ते 1999, एकूण 7 पर्व. डुकाटचं काम मार्क अलेमो या नटाने केलं आहे, आवाज मधाळ, चाल एखाद्या जहागीरदारासारखी. माझा चौदा वर्षांचा मुलगा दोन भाग शेजारी बसून पाहून म्हणाला, “अम्मी, ये आदमी अच्छा है या बुरा?” मी म्हटलं, “और दो देख.” तो दोन पाहून झोपायला गेला. उत्तर त्याने मागितलं नाही आणि मीही दिलं नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्डॅसियन लोकांनी बजोर ग्रहावर सुमारे 50 वर्षं कब्जा ठेवला, लोकांना छावण्यांत कोंबून राबवलं आणि ग्रहाची संपत्ती ओरबाडून नेली. शेवटच्या काळात तिथला मुख्य अधिकारी डुकाट होता. मालिका सुरू होते तेव्हा कब्जा नुकताच संपला आहे. ज्या अंतराळस्थानकात बसून तो हुकूम सोडायचा, तिथे आता सिस्को नावाचा दुसराच कमांडर आलेला आहे. डुकाट पहिल्याच भागात त्याच्या खोलीत येतो आणि दोन आठवड्यांपूर्वी हीच आपली कचेरी होती, हे हसत हसत ऐकवतो.

सहाव्या पर्वात ‘वॉल्ट्झ’ नावाचा भाग आहे. जखमी सिस्को आणि डुकाट एका ओसाड ग्रहावर दोघेच अडकले आहेत, आणि डुकाट आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडतो. हा हिशेब कान देऊन ऐकण्यासारखा आहे. मी आल्या आल्या छावण्यांमधला कामाचा कोटा 50 टक्क्यांनी कमी केला. मुलांना कामाला लावणं बंद केलं. औषधपाणी सुधारलं, शिधा वाढवला. महिन्याभरात मृत्यूचं प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं. आणि त्याची परतफेड काय? बंडखोरांनी गोदी उडवली, 200 च्या वर कार्डॅसियन मेले. मग मीही 200 संशयित पकडून मारले. दोनशेला दोनशे.

यातला एकही आकडा खोटा आहे असं मालिका म्हणत नाही. कोटा खरंच कमी झाला असेल, मुलंही कामावरून सुटली असतील. पण मृत्यू 20 टक्के घटले म्हणजे उरलेले 80 टक्के कुणाच्या खात्यावर, आणि मुळात छावणी का आहे, हे प्रश्न त्याच्या वहीत नाहीत. त्याच्या मते छावणी ही पाऊसपाण्यासारखी आधीपासून होतीच, त्याने फक्त छत्री दिली.

अरबी कोशकारांनी ‘ज़ुल्म’ शब्दाची व्याख्या केली आहे: एखादी वस्तू तिची जागा नसलेल्या ठिकाणी ठेवणे. वर्गात हा शब्द आला की मी ती मुलांना सांगते. डुकाटच्या बाबतीत ती फार नेमकी लागू पडते. तो ‘एहसान’ हा शब्द उचलून, तिथे मुळीच बसत नाही अशा जागी ठेवतो.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. सूरह शुअरामध्ये फ़िरऔनच्या दरबारात हज़रत मूसा जातात तेव्हा तो आधी काय काढतो? तुला लहानपणी आम्ही आमच्यात वाढवलं, विसरलास का? हज़रत मूसांचं उत्तर असं, की बनी इस्राईलला गुलाम करून ठेवलंस, त्याच्यापुढे हा उपकार बोलून दाखवतोस? फ़िरऔन म्हटलं की आपण फौजा आणि समुद्र आठवतो. मला दर वेळी ही ओळ अडवते. एवढा मोठा बादशहा, त्यालाही ‘मी तुला वाढवलं’ म्हणावंसं वाटतं.

छोट्या प्रमाणावर असा एक माणूस मी जवळून पाहिला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्या शाळेत होते, तिथले संस्थाचालक चार-चार महिने आमचं मानधन अडवून ठेवत. मग स्नेहसंमेलनात आम्हा शिक्षिकांना एकेक करून उभं करत आणि संस्थेचे आभार मानायला लावत. माणूस दुष्ट नव्हता. गरीब मुलांना वह्या वाटायचा, कुणाच्या घरी मय्यत झाली तर सगळ्यांच्या आधी हजर. आणि आम्ही नाखुशीने आभार मानले की त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख दिसायचं. डुकाटचा चेहरा पाहताना मला ते दुःख ओळखू आलं.

म्हणून तर ‘डॉक्टर हू’ मधले डॅलेक किंवा स्टार ट्रेकमधलेच बोर्ग कितीही भयंकर असोत, ते मालिका संपली की संपतात. डॅलेक सगळ्यांना नष्ट करायला निघतात, बोर्ग सगळ्यांना आपल्यात ओढून घेतात, पण तुमच्याकडून ‘शुक्रिया’ कुणालाच नको आहे. वादळाची भीती वाटते, पण वादळाशी भांडण कसं करणार?

आता दुसरी बाजू. सातवीच्या वर्गाला मी एकदा मराठीत ‘खलनायकाचं वर्णन’ लिहायला दिलं. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मुलं सगळी आपलीच. निम्म्याहून जास्त वह्यांत डोळ्यांत सुरमा, दाढी, काळा पठाणी आणि हातात मटणाची तंगडी असलेला माणूस होता. असं लिहिणाऱ्या एका मुलाच्या मामाचं मटणाचंच दुकान आहे, आणि मामा सुरमाही लावतो. मी विचारलं, “असं कुणी पाहिलंयस का रे?” तो निवांतपणे म्हणाला, “नहीं टीचर, पिक्चर में ऐसाच रहता.”

पिक्चरमधल्या त्या माणसाला कारण लागत नाही. पेहराव हेच कारण. समतोल म्हणून एखादा सज्जन मुसलमान ठेवतात, तो मध्यंतरानंतर नायकाच्या मांडीवर प्राण सोडतो. (नावाची गंमत स्टार ट्रेकनेही केली आहे. 1967 च्या एका भागातला जगप्रसिद्ध खलनायक म्हणजे खान. पूर्ण नाव खान नुनियन सिंग, उत्तर भारतातला शीख असावा असा त्यात अंदाज, आणि भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने. मुलांना सांगितलं तर वर्ग दहा मिनिटं हसत होता.)

‘डीप स्पेस नाइन’ने पहिल्याच पर्वात याचा बंदोबस्त करून ठेवला आहे. ‘डुएट’ नावाच्या भागात एक कार्डॅसियन पकडला जातो. छावणीचा क्रूर प्रमुख तो मीच, असं तो ठासून सांगतो. उलटतपासणी घेणारी किरा नेरिस ही बजोरची, लहानपणापासून लढ्यात वाढलेली. शेवटी कळतं की तो प्रमुख नव्हेच. तिथला साधा कारकून, रात्री किंकाळ्या ऐकून कान झाकून घेणारा. आपल्या लोकांनी गुन्हा कबूल करावा म्हणून खोटं नाव घेऊन फासावर जायला निघालेला. किरा त्याला सोडून देते, आणि बाहेर पडताच एक बजोरी माणूस त्याच्या पाठीत सुरा खुपसतो. कारण विचारल्यावर तो म्हणतो, कार्डॅसियन होता, पुरे नाही का? किराला आता ते पुरेसं वाटत नाही.

हा कारकून आधी भेटल्यामुळे डुकाटचा दुष्टपणा त्याच्या जातीचा राहत नाही, त्याचा स्वतःचा होतो. कपाळावरच्या कडा दोघांच्याही सारख्याच.

लेखकांनी शेवटच्या पर्वात मात्र माझ्या मते घोळ घातला. डुकाटच्या अंगात सैतानी शक्ती संचारते, डोळे लाल होतात, आगीच्या गुहांमध्ये मारामारी होते. माणसाच्या अंगात सैतान आला की त्याच्याकडे हिशेब मागायचा कसा? डोळे लाल झाल्यावर तो मला एकदाही भीतीदायक वाटला नाही.

त्याआधीच्या पर्वात एक भाग आहे, किराच्या आईचा. किराला कळतं की आई लहानपणी वारली नव्हती, तिला डुकाटकडे नेलं होतं आणि ती त्याच्याजवळ राहिली. त्या बदल्यात नवऱ्याला आणि मुलांना अन्न मिळत होतं, औषध मिळत होतं. ते खाऊनच किरा जगली. डुकाटला विचारलं तर तो म्हणेल, बघा, मी दिलं होतं. आणि दिलं होतंच. हा भाग मुलगा माझ्यासोबत पाहत होता. संपल्यावर त्याने विचारलं, “तो फिर उसको शुक्रिया बोलना चाहिए था?” मी लॅपटॉप बंद केला नाही, भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला.