खलातली गारगोटी

माळरानावर नांगराला लागणारी गारगोटी म्हणजे मुख्यतः सिलिका. आमचं सिलिशिया हे होमिओपॅथीचं औषध तिच्यापासूनच. ती ना पाण्यात विरघळते, ना अल्कोहोलमध्ये. त्यामुळे तिचं काम खलातच सुरू करावं लागतं. होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हॅनिमन यांची रीत अशी: दुग्धशर्करेचे तीन भाग करायचे. पहिल्या भागात द्रव्य घालून सहा मिनिटं घोटायचं, चार मिनिटं खरवडायचं, पुन्हा सहा, पुन्हा चार. मग दुसरा भाग, मग तिसरा. एका पायरीला पूर्ण तास. खरवडण्यात कुचराई केली की कडेला चिकटलेली पूड घोटायची राहूनच जाते. दर पायरीला शंभरपट विरल होत, अशा तीन पायऱ्यांनंतर दहा लाख भागांत एक भाग द्रव्य उरतं आणि मग पुढची पोटेन्सी, म्हणजे विरलतेची पायरी, द्रवात चढवता येते. कारखान्यांत हे काम यंत्रं करतात. तरी शिकणाऱ्याने निदान एकदा मनगट भरून येईपर्यंत घोटावं, असा माझा आग्रह असतो.

परंपरेने हे औषध रुतलेला काटा, पिकायला वेळ घेणारं गळू, नखुरडं, वाहती जुनी जखम यांसाठी. शूस्लर यांच्या बायोकेमिक उपचारपद्धतीतल्या बारा क्षारांतही ते आहे. पण नुसत्या गळवावरून ते ठरत नाही. पेशंट 'बाभळीचा काटा मोडलाय' एवढंच सांगून गप्प बसतो. पंखा सोसतो का, डोकं झाकून घ्यावंसं वाटतं का, तळपायाच्या घामाला वास येतो का, नखं ठिसूळ आहेत का, चारचौघांत बोलायला बिचकता का, हे आपण विचारायचं. या विचारपुशीवर माझा फार जीव आहे.

पण औषधाचं सांगायचं तर, बाराव्या सेंटेसिमल (शंभरपटीच्या) पोटेन्सीपलीकडे मूळ द्रव्याचा रेणू उरणं जवळजवळ अशक्य. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सांगितलं, की होमिओपॅथी कोणत्याही आजारात परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. विद्यार्थ्यांना मी हे स्पष्ट सांगते, पेशंटने विचारलं तर त्यालाही.

म्हणूनच पुवाच्या बाबतीत मी थांबत नाही. मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम, ताप, वर सरकणारा लाल पट्टा, बोटात खोलवर ठणका, यातलं काहीही दिसलं की सिलिशियाची बाटली कपाटातच राहते. त्याच दिवशी सर्जनच्या नावाने चिठ्ठी द्यायची, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही त्यात लिहायचं.