मांजराच्या मुखरोगाचा अपराधी कोण?

आमच्या घरीं चार मांजरें आहेत. त्यांपैकीं ठिपकी गेलें वर्षभर दूधभाताच्या वाटीपाशीं मोठ्या आशेनें जाई, एक घांस घेई आणि किंचाळून मागें सरे. लाळ गळे, अंग चाटणेंहि तिनें सोडलें. हिरड्या व घशालगतचा भाग लालभडक झालेला. आत्याबाईंनीं मीठमोहऱ्या ओवाळल्या, तर चिरंजीवांनीं जंतूंची चौकशी आरंभिली.

पशुवैद्यांनीं लाळ तपासविली, तींत कॅलिसी नामक विषाणु निघाला. १९५७ सालीं न्यूझीलंडांत प्रथम वर्णिलेल्या ह्या विषाणूच्या पृष्ठभागावर पेल्यासारखे खळगे दिसतात, म्हणून हें लॅटिन नांव. "अपराधी सांपडला!" चिरंजीव उद्गारले. येथेंच आमचा मतभेद आहे. ह्या रोगानें पिडलेल्या पुष्कळ मांजरांत हा विषाणु सांपडतो हें खरें. परंतु धडधाकट मांजरांतहि तो महिनेच्या महिने सुखानें नांदतो. प्रयोगांत त्याची मुद्दाम लागण केली असतां ताप येतो, जिभेवर व्रण उठतात व ते बरेहि होतात. वर्षानुवर्षें धुमसणारा हा दाह मात्र उत्पन्न करतां आलेला नाहीं. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत सांपडलेल्या, एड्सच्या विषाणूच्या नात्यांतल्या दुसऱ्या एका विषाणूकडेहि बोट दाखविलें जातें. (तो माणसांस बाधत नाहीं, आत्याबाईंनीं निश्चिंत असावें.) परंतु चोरीच्या जागीं दिसला तो चोरच, असा न्याय कोणत्या कचेरींत चालतो?

आमच्या समजुतीप्रमाणें विषाणु फार तर ठिणगी टाकीत असावा. आग भडकते ती शरीराच्या स्वतःच्या संरक्षक शक्तीनें, आणि दांतांवरील जंतूंचा थर तिला सरपण पुरवितो. म्हणूनच विषाणु कायम असतांहि दाढा, प्रसंगीं सर्व दांत, काढल्यानें सुमारें दोनतृतीयांश मांजरांस चांगला गुण येतो. हा उपाय ऐकून घरांत वादळ उठलें. "बोळकें मांजर उंदीर काय हिरडीनें धरणार?" हा आत्याबाईंचा सवाल होता. परंतु उपाशी मांजर तरी कोठें उंदीर धरतें? आम्हीं संमति दिली. दोन महिने झाले. औषध अद्याप चालू आहे, पण ठिपकी आतां वाटी चाटूनपुसून साफ करते.

एका घरीं अनेक मांजरें असलीं म्हणजे हा रोग अधिक आढळतो, हें मात्र आम्हांस पटलें आहे. शेजारच्यांचें पिलूं आणण्याचा मुलांचा बेत त्यामुळें आम्हीं मोडला, आणि सध्यां मुलांनीं आमच्याशीं अबोला धरला आहे.