पहिले मत आणि आईची वही

(द्वितीय वर्ष कला)

अठरा वर्षे पुरी झाली की माणसाला मत फुटते, असे आपला कायदा मानतो. पूर्वी ते एकविसाव्या वर्षी फुटत असे. १९८९ पासून तीन वर्षे आधी फुटू लागले. मला २०२४ च्या जूनमध्ये अठरा पुरी झाली, महाविद्यालयातल्या नोंदणी शिबिरात मी सहा नंबरचा फॉर्म भरला, आणि बघता बघता २० नोव्हेंबरचे विधानसभेचे मतदान येऊन ठेपले. मत तर फुटले. पण ते टाकायचे कोणाच्या पदरात? त्या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसूनही हा प्रश्न काही सुटेना.

आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात लिहिले आहे की, मतदार प्रतिनिधी निवडतो, प्रतिनिधी पक्षाचा असतो, पक्षाला कार्यक्रम असतो आणि जनता त्या कार्यक्रमाला कौल देते. वाचायला किती छान वाटते! पण २०१९ च्या विधानसभेचे काय झाले ते आठवा. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस हे चारही मोठे पक्ष त्या एकाच सभागृहात सत्तेतही बसले आणि विरोधातही बसले. मुख्यमंत्री तीन झाले. त्यांतले एक सरकार, ज्याच्या शपथविधीला लोक ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणतात, २३ नोव्हेंबर २०१९ ला आले आणि २६ ला गेले. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. म्हणजे चौघांपैकी कोणालाही तुम्ही मत दिलेले असो, ते तुम्हाला न विचारता कधी ना कधी पलीकडच्या बाकावर जाऊन बसलेच. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. त्याखाली शिवसेनेच्या फुटीचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला दिला, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. दोन्ही बाजू बरोबर. चुकला असेल तर तो मतदार!

या सगळ्याचा खरा फटका बसला तो आमच्या आबांना. आबा म्हणजे माझे आजोबा, वय वर्षे ऐंशी. त्यांनी पहिले मत दिले १९६७ साली, बैलजोडीला. शेतकऱ्याने बैलजोडी सोडून दुसरे काय निवडावे? १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली, आणि आबा गाय-वासरावर आले. १९७८ मध्ये पुन्हा फूट पडली आणि त्यातून हात निघाला. त्याच वर्षी जुलैत वसंतदादांचे सरकार पडून शरद पवार वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. तेव्हा आमच्या गावात दोन पारांवर दोन काँग्रेसी बसत आणि एकमेकांना तंबाखूसुद्धा विचारत नसत, असे आबा सांगतात. १९९९ मध्ये घड्याळ आले. त्यानंतर पंचवीस वर्षे आबांनी दुसऱ्या चिन्हाकडे मान वळवून पाहिले नाही. अन् फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने घड्याळ एका गटाला दिले. दुसऱ्या गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आबा पेपर खाली ठेवून म्हणाले, “आता मी घड्याळाचा का माणसाचा, त्ये तरी सांगा कुनी!”

मला आधी हसू आले. मग आले नाही. आबा अजूनही मत ‘देत’ नाहीत, ‘शिक्का मारतात’. यंत्राचे निळे बटण दाबून आले तरी “मारला शिक्का” असेच म्हणतात. सत्तावन्न वर्षांची त्यांची निष्ठा एका चित्रावर बसलेली, आणि ते चित्र कोणाचे हे ठरणार दिल्लीत. मे २०२४ च्या लोकसभेला आमच्या साताऱ्यात पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला सदतीस हजारांवर मते पडली. विजयी आणि पराभूत उमेदवारांतले अंतर होते बत्तीस हजारांवर. त्या सदतीस हजारांतली किती मते तुतारी समजून पडली, ते यंत्रालाच ठाऊक. नेत्यांवरचा विश्वास उडाला असे आपण वर्गात बसून म्हणतो. आबांचा नेत्यांवर नव्हे, चित्रावर विश्वास होता, आणि तोही उडाला.

वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीने यावर सोपा उपाय काढला होता. “नोटा दाब आणि मोकळी हो!” सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हे बटण आले. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला सत्तावीस हजारांहून अधिक मते पडून ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. २०२४ च्या लोकसभेला इंदुरात दोन लाख अठरा हजारांवर लोकांनी ते दाबले. मी हे आकडे आदराने वाचले. पण दोन्हीकडे उमेदवार निवडून आला तो आलाच. विधानसभेला नोटा पहिली आली तरी तिच्या खालच्या उमेदवाराच्याच गळ्यात हार पडतो. आणि त्याच लोकसभेला वायव्य मुंबईत खासदार ठरला अवघ्या अठ्ठेचाळीस मतांनी. अठ्ठेचाळीस! आमच्या मराठीच्या तासाला याहून जास्त मुले असतात (निदान हजेरीपटावर तरी). मैत्रिणीला मी म्हटले, “नोटाने राग कळतो गं, पण नोटा माझ्या ओढ्यावर पूल नाही बांधणार.”

या पुलाविषयी पुढे सांगते. आधी अण्णांचे, म्हणजे वडिलांचे. त्यांचा हिशेब उसाचा. कारखाना सुरू व्हायचे दिवस आणि निवडणूक एकदमच आलेली. ज्यांच्या हातात कारखाना त्यांच्या विरोधात आपण आहोत असा नुसता वास गेला तरी तोडणीची टोळी उशिरा येते आणि फडात उसाला तुरे येतात, ही गोष्ट आमच्या भागात लहान पोरालाही शिकवावी लागत नाही. मी म्हटले, “अण्णा, मतदान गुप्त असते.” ते म्हणाले, “तुझं गुप्त असतं. गावाचं नसतं.” खरेच आहे. मोजणी केंद्रावार होते. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे संध्याकाळपर्यंत ज्याला कळायचे त्याला कळते. पुस्तकातल्या गुप्त मतदानाच्या प्रकरणात हे नव्हते.

राहता राहिली आई. तिच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, निवडणुकीपूर्वी जमा झाले होते. (मला एकवीस पुरी नसल्यामुळे मी अद्याप कोणाची लाडकी नव्हते.) एका बाजूने एकवीसशेचे वचन, दुसऱ्या बाजूने तीन हजारांचे. मला वाटले, आईचा प्रश्न सुटला. पण ती म्हणाली, “पैसे सरकारचे आहेत, कुणाच्या घरचे नव्हेत. घेतले म्हणजे मी बांधली गेले व्हय?”

आई बचत गटाची सचिव आहे. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये, पाच तारखेला बैठक. कर्ज कोणाला द्यायचे ते बैठकीत ठरते. घेणारी सही करते, दोघी जामीन राहतात, हप्ता चुकला की वहीत लाल शाईने लिहिले जाते. त्या आठवड्यात मी तिला विचारले, “तुझा या सगळ्या बायकांवर विश्वास आहे?” ती हिशेब करता करता म्हणाली, “विश्वास असता तर वही कशाला ठिवली असती? वही हाय म्हणून तर विश्वास बसतो.”

हे वाक्य तिने सहज टाकले आणि ती पुढच्या बेरजेकडे गेली. मला मात्र त्या रात्री झोप येईना. आम्ही सारे उलटीकडून निघालो होतो. आधी विश्वास ठेवण्याजोगा माणूस शोधायचा, तो सापडला की त्याला मत द्यायचे, आणि दिले की पाच वर्षे वाट बघायची. आई कर्ज देते तेव्हा बाई चांगली आहे की नाही हा प्रश्नच काढत नाही. मागचा हप्ता भरला का, आता किती मागते, कशाला मागते, आणि चुकली तर तिला कोठे गाठायचे, एवढेच बघते.

आता पूल. आमचे गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात तो भरला की दहा-बारा दिवस आमचे कॉलेज बुडते. आमच्या वाडीतल्या दोघी मुलींना तर याच कारणाने घरी बसवले. पुलाचे भूमिपूजन दोनदा झाले आहे. दगडांपेक्षा नारळच जास्त फुटले.

मी आईची एक कोरी वही घेतली आणि प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला एकच विचारले, पूल केव्हा? पहिले म्हणाले, “ताई, झालाच म्हणून समजा.” दुसरे म्हणाले, “आधीच्यांनी अडवला, नाहीतर कधीच झाला असता.” तिसऱ्या उमेदवाराचे एक वयस्कर कार्यकर्ते म्हणाले, “प्रशासकीय मान्यता आहे, पण पैशांची तरतूद नाही. आम्ही आलो तरी दोन पावसाळे जातील.” तिघांचीही उत्तरे तारखेसह लिहून घेतली आणि तालुक्याला जाऊन चौकशी केली. तेथल्या कारकुनांनी फाइल काढून दाखवली. म्हातारबाबा खरे बोलत होते.

मग उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे वाचली. ती आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सारे त्यात द्यावे लागते. वाचून कोणाच्याही पाया पडावेसे वाटत नाही. ज्यांचा कार्यकर्ता खरे बोलला, त्यांच्यावरही रास्ता रोकोचा एक गुन्हा होता, जमीन पाच वर्षांत वाढली होती, आणि पूर्वी एकदा त्यांनी पक्षही बदलला होता. उद्या पुन्हा बदलणार नाहीत, याची हमी मी काय देऊ? त्यांच्या पक्षाचे नाव काढले तर आबांनी जेवणच सोडले असते. तरीही वहीत तिघांपैकी एकाच पानावर न पुसता येणारी खरी ओळ होती.

मतदानाच्या दिवशी मी आणि आई सकाळीच गेलो. डाव्या तर्जनीला शाई, रजिस्टरवर सही, आड खोक्यामागे निळे बटण. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्या सात सेकंदांत मी चिन्ह दोनदा वाचले. बाहेर आबा पारावर होते. “कुनाला मारलास शिक्का?” त्यांनी विचारले. मी सांगितले नाही. त्यांनीही कोणाला मारला ते मला सांगितले नाही. सत्तावन्न वर्षांत असे प्रथमच घडले म्हणे.

मी मत दिले ते उमेदवार आले की पडले, हे येथे लिहीत नाही. अण्णांचा ऊस अजून फडात उभा राहणार आहे. निकालानंतर पंधरा दिवसांनी आम्ही चौघी मुली नव्या आमदारांच्या कार्यालयात पुलाचा अर्ज घेऊन गेलो. साहेब नव्हते. अर्ज घेऊन “ठीक आहे, बघतो” म्हणणाऱ्या गृहस्थांकडून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घेतला. त्यांनी जरा नाराजीनेच तो दिला. पोच वहीत चिकटवली आहे. तिच्याखाली पुढच्या भेटीची तारीख लिहिली आहे.