लॉन पाहिजे, पण लग्नाचं नाही!

"चौदा मे खाली आहे का हो?"

मामेभावाच्या नर्सरीत मी पिशव्यांत माती भरत बसलो होतो तेव्हा हा फोन आला. दादाने सवयीने सांगितलं, "काका, आमचं लॉन म्हणजे गवताचं. लग्नाचं नाही जी." त्या दिवसातला हा तिसरा फोन! आता यात त्या काकांचा काय दोष? आपल्या विदर्भात 'लॉन' म्हटलं की मांडव, बुफे आणि डी.जे. आठवतो, गवत नाही. आणि दादाच्या वेबसाईटवर तर सगळ्यात मोठा शब्द तोच होता.

मित्रांनो, दादाची नर्सरी कळंबला आहे. कळंब म्हणजे यवतमाळहून नागपूरकडे निघालं की वीस-पंचवीस किलोमीटरवर लागतं ते, चिंतामणीचं कळंब. तिथे गणपतीच्या दर्शनाला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात, कारण देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. जुन्या कथांत या गावाला कदंबपूर म्हणतात. कळंब नावाचं झाडही आहे, गोल चेंडूसारख्या फुलांचं. तर झाडाच्या नावाच्या गावात झाडं विकणारा माझा भाऊ! पण नुसती रोपं विकून भागत नाही म्हणून तो घरांचे, शाळांचे, लेआऊटचे बगीचे करून देतो. मराठीत याला काय म्हणावं यावर आमच्या मेसमध्ये एक तास वाद झाला होता. लँडस्केपिंग म्हणा नाहीतर उद्यानरचना म्हणा, गावात सगळे 'बगीचावाला'च म्हणतात.

आणि मामा म्हणत होते, "एका हंगामात काम नाही आलं तं पाऊण एकरात पुन्हा पऱ्हाटी पेरतो." मामा चिडून बोलत नव्हते, हिशेब करून बोलत होते. लेआऊटवाल्यांची कामं मोठी, पण पैसे सहा-सहा महिने येत नाहीत. दादाला हवी होती घरगुती कामं, यवतमाळ-वर्ध्याकडची, जिथे माणूस स्वतः फोन करतो आणि स्वतः पैसे देतो. म्हणून त्याने पैसे मोजून कुणाकडून तरी साईट करून घेतली होती. वर्ष झालं तरी तिच्यावरून आले फक्त लग्नवाले.

मी इंजिनिअर (होणार असलेला) असल्याने ते काम साहजिकच माझ्याकडे आलं. 'तू कॉम्प्युटरचा ना, मग आमचा मिक्सर पण पाह्य' या न्यायाने.

साईट उघडली. म्हणजे उघडायला लागली... हॉस्टेलच्या वायफायवर चहा पिऊन होतो तेवढ्या वेळाने पहिला फोटो आला. ट्यूलिपचा! त्यानंतर लाल पानांची मेपलची झाडं. यवतमाळच्या पंचेचाळीस डिग्रीत ट्यूलिप कोण लावणार, हे त्या कलाकारालाच ठाऊक. बारा फोटो, एकेक पाच एम.बी.चा. म्हणजे साठ एम.बी. उतरवल्यावर आपल्याला कळणार की या माणसाने यातलं काहीच केलेलं नाही.

त्याहून मजा मराठी मजकुराची. तो डी.टी.पी.च्या दुकानातून आलेला, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला. त्या फॉन्टमध्ये अक्षर दिसतं मराठी, पण आतून साठवलेलं असतं इंग्रजी चिन्ह. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे म्हणून तिथे 'बगीचा' दिसतो, आपल्या फोनवर मात्र कंसांची आणि स्वल्पविरामांची खिचडी. आणि गुगलला तर खिचडीच वाचायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी अजून लग्नपत्रिकेपासून कॉलेजच्या नोटिसपर्यंत आपण तेच करतो. (संपादकांनी रागावू नये.) मी सगळा मजकूर पुन्हा टाईप केला. दोन रात्री गेल्या.

पानाचं शीर्षक होतं 'होम'. फोन नंबर एका चित्रात कोरलेला, म्हणजे त्याच्यावर बोट ठेवून कॉल लागत नाही, कागदावर उतरवून घ्यावा लागतो. आणि गावाचं नाव नुसतं 'कळंब'. आता कळंब हा तालुका धाराशिव जिल्ह्यातही आहे, आणि पुणे जिल्ह्यातही कळंब नावाची गावं आहेत. दादाला एकदा मराठवाड्यातून फोन आला होता, "आम्ही बसस्टँडजवळच राहतो, पाच मिनिटांत येता का?" दादा गाडी काढून निघाला असता तर थेट दुसऱ्या दिवशी पोहोचला असता! म्हणून शीर्षक केलं 'बगीचा, लॉनचं गवत आणि रोपं – कळंब, जि. यवतमाळ', आणि खाली कोणकोणत्या गावांत काम घेतो ते लिहिलं. फोटो दीडशे-दीडशे के.बी.वर आणले. गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद केली, ती फुकट होते. २०२१ पर्यंत तिला गुगल माय बिझनेस म्हणायचे, आता बिझनेस प्रोफाईल म्हणतात. जवळपासचं शोधताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं : शोधलेल्या शब्दाशी धंदा जुळतो का, अंतर किती, आणि नाव किती ऐकलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

इथपर्यंतचं काम कुठलाही सेकंड इयरवाला करेल. खरी लढाई फोटोंवरून झाली.

ट्यूलिप काढल्यावर दादाने स्वतःच्या कामांचे फोटो दिले. सुंदर होते. सगळेच्या सगळे ऑगस्टमधले. ऑगस्टमध्ये काय, आपल्या हॉस्टेलच्या मागची उकिरड्याची जागासुद्धा हिरवीगार असते. मी म्हटलं, याच बगीच्यांचे मे महिन्यातले फोटो दे.

"पिवळं गवत पाहून कोण काम देईन बे?" दादा भडकलाच.

मला त्याचं म्हणणं कळत होतं. पण मला आदल्या वर्षीची एक गोष्टही माहीत होती. एका गिऱ्हाईकाने हिरवा फोटो पाहून काम दिलं, उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं, आणि शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. वर तो चार जणांना सांगत फिरला ते वेगळंच. गवतात खोट नव्हती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की चप्पल अडकेल. वरून मे महिन्याचं ऊन. अशा वेळी नाजूक कार्पेट गवत टिकवायचं तर पाणी लागतं, आणि ते किती लागतं हे त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून साईटवर एक छोटा कॅल्क्युलेटर टाकला. गणित सातवीचं आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर धरा. हजार चौरस फूट म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर, म्हणजे रोज साधारण साडेपाचशे लिटर. जागेचा आकडा टाकला की लिटर समोर येतात. (मिनी प्रोजेक्टच्या वेळी सरांनी विचारलं, "यात इंजिनिअरिंग काय आहे?" सर, ज्याच्या घरी नळ दिवसाआड येतो त्याला विचारा!) त्याच्याच खाली लिहिलं की पाणी एवढं नसेल तर कार्पेट लावू नका, दूर्वा लावा. हो, तीच दूर्वा. चिंतामणीच्या डोक्यावर दूर्वा, मामाच्या शेतात हरळी आणि नर्सरीच्या बिलावर बर्म्युडा, गवत एकच. मामांनी जन्मभर जी उपटली ती दादा विकतो, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

अखेर दादा फोटोंना तयार झाला, पण अर्धाच. दोन बगीच्यांचे जोडफोटो टाकू, ऑगस्ट आणि मे शेजारी शेजारी, बाकी हिरवेच. मी कबूल केलं. भावाचं नाव जायचं होतं, माझं काय, मी हॉस्टेलवर. मेच्या फोटोत गवत पिवळसरच होतं, पण बोगनवेल आणि कण्हेर रसरशीत फुललेली. ती चित्रं पाहून मलाच वाटलं की विदर्भातला बगीचा खरं तर असाच दिसायला हवा.

पहिल्या महिन्यात फोन कमी झाले. दादाने मला फोन करून जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. मग हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की लग्नवाले गेले होते. उरले ते थोडे, पण बगीच्याचे. त्यात यवतमाळच्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं, "तुमचा मेचा फोटो पाहिला म्हणून फोन केला. बाकीचे सगळे फसवतात." पुढे त्यांनी घासाघीस करून दादाला घाम फोडला तो भाग निराळा! पण दूर्वा घेतली, बोगनवेल घेतली, आणि काम झाल्याच्या दिवशी पूर्ण पैसे दिले. त्यांच्या शेजारच्यांचंही काम निघालं.

मधल्या काळात आमच्या विंगने एक थोर कल्पना काढली. पन्नास पोरं, पन्नास फोन, रात्री बसून पन्नास वेळा पाच-पाच तारे द्यायचे! गुगलला असे खोटे अभिप्राय चालत नाहीत, सापडले तर काढून टाकतात, हे मी सांगितलं. पण दादाचं उत्तर माझ्यापेक्षा सरळ होतं : "ज्यायच्या घरी आपण खड्डा नाही खोदला, त्यायनं कायले लिहाव?" आता काम संपल्यावर तो गिऱ्हाईकालाच म्हणतो, जे वाटलं ते लिहा. आतापर्यंत सात जणांनी लिहिलं. एकाने तीन तारे दिले, माणसं उशिरा आली म्हणून. दादाने त्याखाली 'खरं आहे, पुढच्या वेळी वेळेत येऊ' असं उत्तर दिलं, आणि ते मला साईटवरचं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं.

यंदा पाऊण एकरात पऱ्हाटी पेरली नाही. पुढच्या वर्षीचं मामा पुढच्या वर्षी बघणार आहेत.

भाव लिहायचे की नाही यावर अजून भांडण सुरू आहे. दादा म्हणतो, "भाव लिहिला तं बाकीचे दोन रुपये कमी सांगतीन." मी म्हणतो, निदान कमीत कमी किती, एवढं तरी लिही. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात चार नव्या बगीच्यांचे फोटो काढायचे आहेत, भर दुपारी, सावली आखूड असताना. कुणाकडे बरा कॅमेरा असेल आणि परीक्षा संपलेली असेल तर सांगा. एस.टी.चं तिकीट दादा देईल, आणि मामीच्या हातचं झुणका-भाकर आणि ताक नक्की.